कादंबरी पुढे सरकतेय, हे कशावरून ओळखायचं?

पत्र असं आहे:

"मी वारज्याला राहते, हिंजवडीत नोकरी करते. कंपनीच्या बसमध्ये जाऊन-येऊन रोज अडीच-तीन तास जातात. तीन वर्षांपासून एक फँटसी कादंबरी लिहितेय, तीन भागांची. जानेवारीपासून नोंद ठेवायला लागले. वहीत तीन रकाने आहेत: लेखन, प्रसिद्धी, वाचन. सहा महिन्यांत ४१ हजार शब्द लिहिले, इन्स्टाग्रामवर ६४० फॉलोअर झाले, नऊ पुस्तकं वाचली, सगळी इंग्रजी फँटसी. आकडे वाढतायत, कादंबरी मात्र होती तिथेच आहे असं वाटतं. पहिली पाच प्रकरणं चार वेळा लिहून झाली. पहिला भाग १ लाख ४० हजार शब्दांचा होईल असा अंदाज आहे. एका प्रकाशन-सेवेने ८५ हजार रुपयांत 'सगळं करून देतो' म्हणून सांगितलंय आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलंय. तीनपैकी कुठला रकाना बंद करू? आणि टोपणनावाने छापलं तर हक्कांचं काय होतं?"

रकाना एकही बंद करू नका. प्रत्येक रकान्यात जे मोजताय ते बदला. शब्द, फॉलोअर आणि वाचलेल्या पुस्तकांची संख्या हे तिन्ही आकडे असे आहेत की कादंबरी जागची हलली नाही तरी ते आपले वाढत राहतात.

लेखनापासून सुरू करू. ४१ हजारांपैकी बहुतेक शब्द पहिल्या पाच प्रकरणांतच पडलेत, हे तुम्हीच सांगताय. नवा मजकूर कुठला आणि चौथ्यांदा पुसून लिहिलेला कुठला, हे शब्दमोजणीला कळत नाही. तेव्हा शेवटापर्यंत किती प्रसंग उरलेत ते मोजा. प्रसंग म्हणजे एक जागा, एक वेळ आणि कुणाच्या तरी परिस्थितीत पडलेला एक फरक. सरासरी १८०० शब्दांचा प्रसंग धरला तर १ लाख ४० हजारांत साधारण ७८ प्रसंग बसतात. पाच प्रकरणांत पंधरा झाले असतील. उरले ६३. आठवड्याला दोन म्हटले तर ३२ आठवडे. त्यात गणपती, दिवाळी, ऑफिसातल्या रिलीजची धावपळ धरून ३८. हा आकडा बघून माणूस काहीतरी ठरवू शकतो.

पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं आणा, अप्पा बळवंत चौकात गठ्ठ्याने मिळतात. प्रत्येक प्रसंगाला एक कार्ड. वर जागा आणि दिवस. खाली तीन ओळी: कुणाला काय हवंय, आड काय येतंय, संपताना काय बदललेलं असतं. तिसरी ओळ सुचत नसेल तर तो प्रसंग नव्हे, ती माहिती आहे. फँटसीत अशी कार्डं हमखास निघतात: राजघराण्याची चार पिढ्यांची हकीकत, जादूचे नियम, घाटातून चाललेला लांबलचक प्रवास. ती फाडू नका, दुसऱ्या एखाद्या कार्डाला पिन करा. मग तीच माहिती कुणाच्या तरी भांडणात, सौद्यात किंवा घाईगर्दीत बाहेर येईल आणि वाचकाला ती शिकवणीसारखी वाटणार नाही.

पहिल्या पाच प्रकरणांना आजपासून कुलूप. ती पुन्हा पुन्हा लिहावीशी वाटतात याचं कारण साधं आहे: पुढचं लिहिताना जगाचे नियम बदलतात आणि सुरुवात खोटी पडते. शेवट लिहून होईपर्यंत हे चालणारच. म्हणून एक दुरुस्तीची वही ठेवा. बाराव्या प्रकरणात राणीचा भाऊ जिवंत हवा असं लक्षात आलं, तर वहीत लिहायचं: 'प्र. ३, भाऊ मेलेला नाही, बेपत्ता.' आणि तेराव्यापासून तो जिवंत आहे असं धरून पुढे जायचं. शेवट झाल्यावर ही वही घेऊन एकदाच मागे या. तेव्हा दिसेल की निम्म्या दुरुस्त्या दुसऱ्या निम्म्यांनी आपोआप रद्द केल्यात.

आता लांबी. डेमी आकाराच्या पानावर, १२ पॉइंटच्या आसपासच्या टाइपात साधारण ३०० शब्द बसतात. १ लाख ४० हजारांची पानं होतात ४६७, सुरुवातीची पानं धरून ४८०. सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे ३० फॉर्म. पहिल्याच पुस्तकाला हे जड आहे, प्रकाशकाला कागदाच्या खर्चामुळे आणि वाचकाला किमतीमुळे. १ लाख शब्दांवर आणलंत तर ३५२ पानं, २२ फॉर्म. प्रसंग होतात ५५, उरतात ४०, आठवडे लागतात वीस-पंचवीस. तीन भाग करायचेच असतील तरी पहिल्या भागाचं मुख्य भांडण पहिल्याच भागात मिटू दे. दुसरा भाग निघेलच याची हमी कुणी देत नाही, आणि अर्ध्यावर सोडलेल्या पुस्तकावर वाचक रागावतो.

तुम्ही फक्त इंग्रजी फँटसी वाचताय, याचा परिणाम नुसता शब्दांवर होत नाही. व्याकरणापर्यंत जातो. काल्पनिक नाव मराठीत आलं की त्याला लिंग लागतं, अनेकवचन लागतं, सामान्यरूप लागतं. समजा तुम्ही 'धुरांग' नावाचा प्राणी केलात. तो धुरांग की ते धुरांग? 'धुरांगाने' की 'धुरांगने'? कळप आला तर 'धुरांग आले' की 'धुरांगं आली'? हे पहिल्या दिवशी ठरवलं नाही तर दोनशे पानांत तिन्ही प्रकार सापडतात आणि मुद्रितशोधक फोन करून विचारतो. एका तक्त्यात पाच रकाने करा: नाव, लिंग, सामान्यरूप, अनेकवचन, पहिल्यांदा कुठे आलं. नाव पक्कं करण्याआधी त्याला ला, ने, चा, त हे प्रत्यय लावून मोठ्याने म्हणून बघा. ऊकारान्त आणि एकारान्त नावं इथे अडतात, आणि तीन जोडाक्षरांची नावं वाचक दुसऱ्या पानापासून नुसती आकारावरून ओळखायला लागतो. मुख्य पात्रांची आद्याक्षरंही वेगवेगळी असू द्या.

नाव मध्येच बदललंत तर 'सगळीकडे बदला' हे बटण दाबू नका. 'वार' नावाच्या पात्राला 'मेघ' केलंत की शनिवारचा 'शनिमेघ' होतो, तलवारीची 'तलमेघ' आणि परिवाराचा 'परिमेघ'. एकेक सापडवून, वाचून बदला. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही.

इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम पुरतं, त्यामुळे तिथून शिकलेली पात्रं मराठीत येऊन सरसकट 'तुम्ही' म्हणतात. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण आहे. अरे, अहो, अगं आहे. अख्खं दरबारी राजकारण यावर उभं राहतं. सेनापती लहानपणापासून राजपुत्राला 'अरे, इकडे ये' म्हणत आलाय. राज्याभिषेकाच्या दुसऱ्या दिवशी तो 'महाराज, आपण बसावं' म्हणतो, आणि काय हरवलं ते राजाला कळतं. हे हत्यार हाताशी असताना न वापरणं म्हणजे शुद्ध नुकसान. हस्तलिखितावर एक फेरी फक्त एवढ्यासाठी करा: कोण कुणाला काय म्हणतं आणि ते कुठे बदलतं.

दुसरी फेरी हावभावांसाठी. 'तिने खांदे उडवले', 'त्याने डोळे फिरवले', 'आपण श्वास रोखून धरलाय हे तिला कळलंच नव्हतं' ही वाक्यं मराठी लिपीत आहेत, एवढंच. आपल्याकडची बाई नाक मुरडते, चुकचुकते, पदर खोचते, 'मला काय त्याचं' म्हणते. तुमच्या जगात पदर नसेल तर तिथली बाई काय करते ते शोधा, पण शोधा.

जगाच्या हिशेबाची वहीही वेगळी हवी. तिच्यात अंतरं, काळ, पैसा आणि जादूची किंमत. ढोबळ मानाने पायी माणूस दिवसाला २५ ते ३० किलोमीटर जातो, बैलगाडी २० ते २५, आणि तोच घोडा रोज वापरायचा तर ४० ते ५०. त्याहून वेगाने जायचं तर वाटेत घोडे बदलावे लागतात, म्हणजे ठाणी हवीत, दाणावैरण हवी, ती पुरवणारी गावं हवीत. घाट असेल किंवा पावसाळा असेल तर वेग निम्म्यावर आणा. 'पाच मिनिटांत येतो' म्हणणारं पात्र घड्याळ नसलेल्या जगात चालत नाही. त्यासाठी घटका आहे, २४ मिनिटांची. दिवस-रात्र मिळून ६० घटका, आणि प्रहर तीन तासांचा.

चंद्र तर बहुतेकांचा चुकतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे रोज साधारण ५० मिनिटं उशिरा, आणि वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास. शुद्ध चतुर्थीचा चंद्र रात्री नऊ-दहापर्यंत मावळलेला असतो. अमावास्येनंतर चौथ्या रात्री, ऐन मध्यरात्री, टिपूर चांदण्यात गुप्त भेट घडवलीत तर पंचांग बघणारी कुणाची तरी आजी तुम्हाला पकडणार. तुमच्या जगात दोन चंद्र असतील तर दोघांचंही वेळापत्रक मांडा.

जादूबद्दल एकच सांगणं. ती कुणाला, काय किंमत मोजून करता येते आणि कशाने उतरते, हे आधी ठरवा. याचा घरचा नमुना आपल्याकडे तयार आहे. मुंजा मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेल्या मुलाचा, पिंपळावरचा. गिरा कोकणातल्या पाण्याकाठचा. साती आसरा विहिरी-डोहांच्या. मराठी भुताला पत्ता असतो, ते भूत होण्याचं कारण असतं, आणि उताराही ठरलेला असतो. अशी शिस्त असलेली व्यवस्था परक्या चेटकिणींच्या शाळेत शोधायला नको.

त्यावरून वाचन. नऊ पुस्तकं वाचली ही नोंद पुरेशी नाही. नऊ पुस्तकांतून तुमच्या हस्तलिखितातले किती प्रश्न सुटले, ते लिहा. दर महिन्याला एक प्रश्न निवडा, उदाहरणार्थ 'नवं जग वाचकाला न दमवता कसं दाखवायचं'. आवडत्या फँटसीची पहिली वीस पानं घ्या आणि प्रत्येक बनवलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा. चांगल्या लेखकाच्या पानात असे शब्द कमी असतात, आणि जो येतो तो पुढच्या दोन-तीन पानांत परत येतो. मग आपल्या पहिल्या वीस पानांवर तेच करा. जिथे एका पानावर पाच-सहा रेघा दिसतील, तिथे वाचक पुस्तक मिटणार.

चार पुस्तकांत एक फँटसी, दोन मराठी कथा-कादंबऱ्या, कुठल्याही प्रकारच्या, आणि एक जगाची माहिती देणारं, असं प्रमाण ठेवा. मराठी दोन यासाठी की संवादाचा कान तिथेच तयार होतो. चौथ्यासाठी सुरुवात त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा'पासून करा. १९१५ चं पुस्तक आहे. अलुतेदार-बलुतेदार, वतनं, गावाचं देणंघेणं कसं चालायचं याचा इतका बारीक तपशील त्यात आहे की काल्पनिक खेडं उभं करताना कोण कुणाचं मिंधं हे आपोआप कळतं. शब्दांसाठी दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. हत्यारं, दागिने, शेतीची अवजारं यांची नावं बनवण्याआधी तिथे बघा; निम्म्या वेळा जुना, विसरलेला शब्द तुमच्या बनवलेल्या शब्दापेक्षा जास्त अद्भुत वाटतो.

पुण्यात असल्याचा फायदा घ्या. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. कुठल्याही एकाचं सभासदत्व घ्या. भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती एकदा नुसती चाळा. मोजक्याच पोथ्यांत सापडलेले श्लोक आणि कथा तिथे तळटिपांत आणि परिशिष्टांत ठेवल्यात. एकाच गोष्टीला प्रदेशागणिक कशा फांद्या फुटतात ते तिथे दिसतं, आणि तुमच्या जगातल्या दंतकथा एकमुखी का वाटतात तेही. आणि एखाद्या रविवारी केळकर संग्रहालयात जाऊन दिवे, अडकित्ते, कुलपं, दरवाजे बघा. दहा वस्तूंची वेडीवाकडी चित्रं काढून आणा. 'जुनाट दिवा' असं लिहिणं मग आपोआप थांबतं.

बसचा वेळ असा वाटा: जाताना उद्याच्या प्रसंगाचं कार्ड डोक्यात घोळवणं आणि संवाद फोनवर बोलून टिपणं, येताना वाचन. बोलून टिपलेल्या मराठीत विरामचिन्हं नसतात, 'कि' आणि 'की' ची अदलाबदल होते, न-ण चुकतात, आणि तुमची बनवलेली नावं त्याला कधीच कळत नाहीत. म्हणून नावांऐवजी 'अ', 'ब' म्हणा आणि त्याच रात्री दहा मिनिटांत साफ करा. आठवड्याने उघडलंत तर आपण काय म्हटलं होतं ते आपल्यालाच लागत नाही. प्रत्यक्ष लेखन घरी, आठवड्यातून चार बैठका, सव्वा-सव्वा तासाच्या. दोन प्रसंगांना तेवढ्या पुरतात.

प्रसिद्धीला आठवड्याला दीड तास, रविवारी, आणि पहिला खर्डा होईपर्यंत त्यावर एक मिनिट जास्त नाही. ६४० फॉलोअरांपैकी वाचक किती हे कळायला एक सोपी चाचणी आहे. त्याच जगातली, पण कादंबरीचा भाग नसलेली, सहा हजार शब्दांची एक पूर्ण कथा लिहा. 'हवी असेल त्याने ईमेल कळवा, पाठवते' असं जाहीर करा. किती जणांनी मागितली आणि वाचून किती जणांनी दोन ओळी लिहिल्या, हे दोन आकडे तुमच्या रकान्यात जातील. पंचवीस जणांनी उत्तर दिलं तरी ती खरी पंचवीस नावं आहेत. पुस्तक आल्यावर पहिला निरोप त्यांना. नकाशा, पात्रांची चित्रं, 'आज ५०० शब्द झाले' अशा पोस्ट बहुतेक करून लेखकच एकमेकांच्या बघतात.

तशीच दुसरी, स्वतंत्र कथा दिवाळी अंकासाठी. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून नव्या मराठी लेखकाला नाव मिळवून देणारी यापेक्षा सरळ वाट नाही. अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, म्हणून संपादकांना एप्रिल-मेमध्ये विचारा. या वर्षीची गाडी बहुधा चुकली. पुढच्या वर्षीची धरा. तीन ते पाच हजार शब्द, युनिकोडमधली वर्ड फाइल आणि सोबत पीडीएफ. एकच कथा दोन अंकांना देऊ नका, संपादक एकमेकांशी बोलतात. कादंबरीतलं प्रकरण उचलून पाठवू नका. त्याला डोकं नसतं आणि शेपूटही. मानधनाचं विचारायला लाजू नका.

खर्डा झाला की पाच जणांना वाचायला द्या, त्यांतले दोघे फँटसी न वाचणारे. एका बाजूला रुंद समास सोडून प्रिंट काढा, स्पायरल करा आणि एवढंच सांगा: जिथे वाचताना हातातून खाली ठेवलंत तिथे तारीख लिहा. 'आवडलं का' विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. दोघांनी एकाच पानावर ठेवलं असेल तर ते पान दोषी.

प्रकाशकाकडे जाताना एका पानाचं पत्र, दोन पानांत शेवटासकट पूर्ण कथानक आणि पहिली तीन प्रकरणं. शेवट लपवू नका. प्रकाशकाला पैसे घालायचेत, त्याला उत्कंठा नको असते. आधी फोन करून नवं साहित्य घेताय का विचारा. तीन महिने थांबा, मग आठवण करा. आणि 'मराठीतली पहिली फँटसी' असं पत्रात कुठेही नको. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली, तेव्हापासून मराठी कादंबरीची पहिली काही दशकं अद्भुतानेच भरलेली आहेत. हे संपादकाला माहीत असतं, तुम्हाला नाही हे त्याला कळायला नको.

आता ८५ हजार. पुस्तक लिहून झालेलं नसताना त्याच्या छपाईची मुदत दुसरा कुणी ठरवतोय, नकार द्यायला एवढंच कारण पुरे आहे. तरी पुढेही असे फोन येतील म्हणून तपासायचं कसं ते सांगतो. 'सगळं' याची फोड लेखी मागा: मुद्रितशोधन किती वेळा, मांडणी, मुखपृष्ठ, प्रती किती, साठा कुठे, विक्रीचा हिशेब कधी. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे, पैसे लावले असतील तर लगेच सावध व्हा. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो. शिवाय त्यांनी आपल्या नावावर काढला तर नोंदीत प्रकाशक तेच राहतात.

मग शहरातल्या तीन छापखान्यांकडून एकाच मापाचा दर घ्या: डेमी, ३५२ पानं, आत ७० जीएसएम (हे कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड, एकरंगी, मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, चाररंगी, मॅट लॅमिनेशन, परफेक्ट (म्हणजे गोंदाने चिकटवलेलं) बाइंडिंग, १००, ३०० आणि ५०० प्रतींसाठी वेगवेगळा. थोड्या प्रती डिजिटलवर परवडतात. ऑफसेटला प्लेटांचा खर्च आधीच होतो, त्यामुळे तिथे प्रती वाढल्या की दर उतरतो. दोन गोष्टी नीट विचारा. पुस्तक चारशे पानांच्या वर गेलं तर फॉर्म शिवून बाइंडिंग करणार का, कारण नुसत्या गोंदावर कणा फुटतो. आणि कागदाचा धागा कण्याला समांतर आहे ना, कारण आडवा असला तर पावसाळ्यात पानं लाटांसारखी वाकतात. या दरांची बेरीज आणि पॅकेज यांतला फरक म्हणजे त्यांचा मोबदला. तो कशासाठी हे विचारा.

फाइलींचंही बोलून घ्या. मांडणी जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केली तर रूपांतरात रफार सरकतो, 'ऱ्या' तुटतो, 'ॲ' गायब होतो आणि पुढे त्यातून ई-बुक करताना अक्षरांची भेळ होते. शेवटच्या प्रुफातल्या दुरुस्त्या छापखान्यातल्या फाइलमध्येच होतात, तुमच्या वर्ड फाइलमध्ये नाही. म्हणून अंतिम मांडणीची फाइल आणि तिच्यातून काढलेला युनिकोड मजकूर, दोन्ही तुमच्या ताब्यात येतील असं लिहून घ्या.

नकाराचं आणखी एक कारण: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. घाईने स्वतःच्या पैशांनी कादंबरी काढलीत तर पहिलेपण तिथेच खर्च होतं. खर्डा झाला की त्या वर्षीची जाहिरात आणि तिच्यातल्या अटी बघा.

करार कुणाशीही होवो, छापील, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर आणि चित्रपट-मालिका हे हक्क वेगवेगळे लिहा आणि प्रकाशक जे प्रत्यक्ष करणार आहे तेवढेच द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत येतो, मात्र करारात उलट लिहिलं नसेल तरच. ते वाक्य शोधून वाचा. रॉयल्टी छापील किमतीवर की निव्वळ विक्रीवर हेही. ४०० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के म्हणजे प्रतीमागे ४०. विक्रेत्याचं ४० टक्के कमिशन वजा करून उरलेल्या २४० वर म्हणजे २४.

ई-बुक स्वतः किंडलवर टाकणार असाल तर मराठी चालते. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी मिळवायची तर त्यांच्या सिलेक्ट योजनेत ९० दिवसांसाठी नाव घालावं लागतं, आणि तेवढा काळ तोच डिजिटल मजकूर दुसरीकडे कुठेही चालत नाही. प्रकरणं एखाद्या ॲपवर क्रमशः टाकायचा विचार असेल तर दोन्ही एकदम होणार नाही. स्वतः प्रकाशक झालात तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन नेमलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवणं तुमच्याकडे येतं.

टोपणनाव बिनधास्त घ्या. मुखपृष्ठावर ते आणि करारावर खरं नाव, 'टोपणनाव अमुक' या उल्लेखासह, म्हणजे रॉयल्टी बँकेत जमा होताना प्रश्न येत नाही. मुदतीचा मात्र फरक पडतो. खऱ्या नावाच्या लेखनाला लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण असतं, टोपणनावाच्या लेखनाला प्रकाशनापासून ६० वर्षं. त्या मुदतीत खरं नाव उघड झालं तर पुन्हा मृत्यूनंतरची ६० धरतात. तेव्हा दहा-वीस वर्षांनी कधीतरी एखाद्या आवृत्तीच्या आतल्या पानावर स्वतःचं नाव छापून टाका.